सदतिसावी डिस्क

श्रीपाद खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसला. झालं ते एवढंच. पण सहा वर्षांत हा माणूस माझ्या टेबलापाशी कधी बसलेला नाही. उभा राहतो, तोही अर्धवट वळून, बोलणं संपायच्या आत निघता यावं म्हणून. हातात चहाचा कप असतो आणि तो माझ्या टेबलावर कधी टेकत नाही. आज टेकला. कीबोर्डच्या अगदी शेजारी. बसून झाल्यावर म्हणाला, "प्रियांका, जरा बसू का?" माझ्या मनात एक गार समाधान वर आलं. याला काहीतरी हवंय, आणि ते माझ्याकडे आहे. समोर काचेतून माजिवड्याचा पूल दिसतो, त्यावरच्या गाड्या सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या. मी मुद्दाम तिकडे बघत राहिले. त्याला थांबायला लावायची संधी सहा वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती, ती मी का सोडू?

"अगं, डोंबिवलीची ती दातांची लॅब," तो म्हणाला, "त्यांचं जुनं मशिन आपण मार्चमध्ये काढून टाकलं, आठवतंय ना? त्याची डेटाची डिस्क मी वेगळी करून ठेवली होती. ती दिसत नाहीये कुठे." त्याचं 'अगं' मी आज पहिल्यांदा ऐकलं. एरवी 'हे कुणी केलंय?' असं तो हवेला विचारतो, आणि हवेने माझ्याकडे बोट दाखवायचं असतं. "नाव काय होतं, सर, डिस्कचं?" मी विचारलं. नाव मला माहीत होतं. "एसपी टेम्प टू," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं अशी तोंडाने सांगावी लागल्यामुळे जरा ओशाळला. टेम्प म्हणजे तात्पुरती. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त टिकतात त्या तात्पुरत्या गोष्टीच. तो स्वतः तीन महिन्यांसाठी म्हणून आला होता, त्याला बारा वर्षं झाली.

माझं काम काय आहे ते घरी कुणाला नीट सांगता आलेलं नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात वीस-पंचवीस मशिनं असल्यासारखी चालवायची. दिसायला काहीच नसतं, पण गिऱ्हाईकाला वाटतं आपला स्वतंत्र कॉम्प्युटर ठाण्यात कुठेतरी आहे. गिऱ्हाईक गेलं किंवा नवं मशिन घेतलं की जुनं काढून टाकायचं. काढताना खाली एक छोटी चौकट येते, डिस्कही काढायची का? टिक केली तर मशिनबरोबर त्याच्यातलं सगळं जातं. नाही केली तर मशिन जातं आणि डिस्क मागे राहते, कुठल्याच मशिनला न जोडलेली. टिक करायला कुणाचा हात धजत नाही. प्रत्येकाला वाटतं, असू दे, लागली तर. आणि मग दुसऱ्या दिवशी ते विसरतात. मी आले तेव्हा अशा सव्वाशे डिस्का पडून होत्या आणि जागा संपत आली म्हणून रोज ओरड होती. त्या कुणाच्या, काय आहे त्यांत, कुणाला ठाऊक नव्हतं. "तू बघ ना ते," श्रीपाद म्हणाला होता तेव्हा, उभ्या उभ्या. केर काढायचा असला की तो कुणाच्या हातात द्यायचा हे या लोकांना न शिकवता कळतं. हे मी त्याच दिवशी मनात म्हटलं होतं आणि आजतागायत मागे घेतलेलं नाही.

म्हणून मी पद्धत पाडली. दर तीन महिन्यांनी सुट्या डिस्कांची यादी करायची, सगळ्यांना मेल करायची. 'खालील डिस्का कुणाच्या आहेत ते कळवावे. सात दिवसांत उत्तर न आल्यास काढून टाकण्यात येतील.' मेल मी मराठीत पाठवते, मुद्दाम. इंग्रजीत पाठवली तर व्याकरणाच्या चुका काढतात. सहा वर्षांत चोवीस मेल पाठवल्या. उत्तर एकाही मेलला आलेलं नाही. एकाही. सगळे वाचतात, कारण जेवणाच्या टेबलावर त्यावरून विनोद होतात, पण लिहून कुणी देत नाही. लिहून दिलं की आपण त्याला बांधले जातो. श्रीपादची पद्धत तर ठरलेली, पाण्याच्या बाटलीत पाणी भरता भरता पाठमोरा म्हणायचं, "हो हो, टाक काढून." पुढे काही अंगाशी आलं की, "मी कधी म्हणालो?" आणि काढून टाकल्याच्या नोंदीत नाव कुणाचं? माझं. तारीख, वेळ, प्रियांका. तो यंत्राचा दोष नाही. ज्याने बटण दाबलं त्याचंच नाव ते लिहिणार.

"विकी म्हणत होता," श्रीपाद आवाज खाली आणून म्हणाला, "तू काढायच्या आधी प्रत्येकीची एक प्रत ठेवतेस म्हणे कुठेतरी." मी विकीच्या टेबलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून केबलला क्लिप लावत होता. या विकीच्या आजोबांच्या भातखाचरावर ही इमारत उभी आहे. तळमजल्याचे दोन गाळे अजून त्यांचे आहेत, आणि तरी हा इथे नेटवर्कची कामं करतो, कारण घरी बसलं की आई जागेच्या दलालांबरोबर बसवते. या ऑफिसात माझ्याशी सरळ बोलणारा तो एकटाच आहे, म्हणून त्याला एकदा सांगितलं होतं. चूक झाली. "ठेवते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? श्रीपादचे ताठलेले खांदे एकदम सैल झाले. "मग आहे!" तो म्हणाला. "देवासारखी आहेस बघ. अगं, अकरा हजार माणसांचे जबडे आहेत त्यात." मला आधी काही कळलं नाही. मग त्याने समजावून सांगितलं. लॅबवाले माणसाच्या जबड्याचं स्कॅन करून ठेवतात, त्यावरून कवळ्या, टोप्या बनतात. नव्या मशिनवर फक्त चालू पेशंट नेले होते, जुने सगळे त्या डिस्कवर होते. "ज्यांचे दात काढून झालेत त्यांचे आधीचे जबडे परत कुठून आणणार? लॅबवाला उद्या इथे येऊन बसणार आहे. पुण्याहून साहेबांचा दोनदा फोन झाला. माझी नोकरी जाते, प्रियांका." हे शेवटचं वाक्य तो अगदी साध्या आवाजात म्हणाला.

मला दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "लेखी द्या, सर." "काय?" "मेल करा. डिस्क माझी होती, तुमची, म्हणजे श्रीपादची. जूनच्या यादीत होती. प्रियांकाच्या मेलला मी उत्तर दिलं नाही. पुण्याच्या साहेबांना त्यात ठेवा. मग मी बघते." त्याचा चेहरा पडला. मग रंग चढला. मग तो पुण्याकडच्या शुद्ध मराठीत बोलायला लागला. चिडला की तो तसंच बोलतो. "हे ब्लॅकमेलिंग आहे, तुझ्या लक्षात येतंय का? सहकारी म्हणून मी तुझ्याकडे आलो." मी म्हटलं, "मी पण सहकारी म्हणूनच मेल पाठवत होते, सर. चोवीस." तो उठला. कप तसाच राहिला. मी तो उचलून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला, सगळ्यांदेखत, आणि परत येऊन टिश्यूने टेबलावरचा ओला गोल पुसला. मला आनंद होत होता. लाज वाटावी असा आनंद होता तो.

त्या प्रतींच्या जागेला मी नाव दिलंय 'पेटी'. बाबांची पत्र्याची पेटी होती तशी. हिरवी, कोपऱ्यात गंजलेली, शहाडच्या चाळीत पलंगाखाली. बाबा कारखान्यात होते, त्यांचं नाव दगडू, आणि त्यांनी आयुष्यात एक कागद फेकला नाही. रेशनची पावती, दवाखान्याचा केसपेपर, लाइटबिल, पाठकोऱ्या लग्नपत्रिका. तरुणपणी एकदा कुठल्याशा कचेरीत साहेबाने त्यांना 'कागद दाखव' म्हटलं होतं, आणि त्यांच्याकडे नव्हता. साहेब पुढे काय म्हणाला ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणायचे, "पियू, आपला माणूस तोंडाने बोलला तर कुणी ऐकत नाही. कागद काढला की गप बसतात." दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी घर धुऊन निघायचं, रंग लागायचा, आणि पेटी बाहेर येऊन कागद चटईवर उन्हात पसरले जायचे. आई, तिचं नाव रमाबाई, चटईच्या चार कोपऱ्यांवर भरलेले तांबे ठेवायची, नदीकडून वारा यायचा म्हणून. मला ते काम आवडायचं. कागदांना उन्हाचा वास लागतो. मी एकेक उचलून कसर झटकायची आणि पुन्हा रचायची.

दोन हजार सहा सालच्या एप्रिलात त्या चटईवरून एक कागद गेला. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्रेचाळीस सालचा, तपकिरी शाईचा. त्यात जातीच्या रकान्यात एक शब्द लिहिलेला होता. तो शब्द पन्नास सालच्या आधीच्या कागदावर दाखवला की आमची जात खरी ठरणार होती, आणि माझ्या धाकट्या भावाचा, सम्यकचा, इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का होणार होता. जुलैत कागद शोधला तर नाही. पेटी तीनदा उलटी केली. गावच्या शाळेत बाबा जाऊन आले. तिथलं जुनं रजिस्टर आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेलेलं. मुदत संपली, प्रवेश रद्द झाला. "उन्हाला घालताना माझ्याच हातून रद्दीत गेला," असं मी सगळ्यांना सांगितलं. "कसरीने खाल्लेला होता, मला वाटलं रद्दी आहे." मला तेव्हा एकविसावं सरत होतं. सम्यक त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलतो. तो भिवंडीकडे एका गोदामात सुपरवायझर आहे, अजून शहाडलाच राहतो आईबरोबर. मी कल्याणला खडकपाड्यात एकटी राहते. लग्न झालं, मोडलं, तो विषय नाही. जयंतीला आणि बाबांच्या स्मृतिदिनाला मी शहाडला जाते, सम्यक दार उघडतो, म्हणतो, "ये," आणि आत निघून जातो. बाबा मात्र मला कधी काही बोलले नाहीत. उलट नातेवाइकांसमोर म्हणायचे, "तिचा काय दोष? माझ्याच हातून गेला असेल." त्या माणसाचा कागदावर एवढा जीव, आणि माझ्यापायी तो असं खोटं बोलायचा. त्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

म्हणून मी काही फेकत नाही. विकीला मी हेच सांगितलं होतं, जरा नाट्यमय करून. एकदा चुकून फेकलं, पुन्हा नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तसा तो भाबडाच आहे. जेवायच्या वेळी डबा घेऊन तो माझ्यासमोर येऊन बसला. "काय गो ताई, सर तुझे टेबलावर? कं झालं?" मी सांगितलं. "मीच बोललेलो सरला," तो म्हणाला, "मना काय ठावं तू लेखी मागशील. पन बराबर केलंस. आमचे जमिनीचे टायमाला पन सगले तोंडीच बोलायचे, आजाला म्हनायचे तुला दोन गाले देनार, चार देनार. आज्जीनं कागद केल्याबिगर बांधावर पाय ठेवून दिला नाय कुनाला." मग सुकटाची चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवत म्हणाला, "पन ताई, हाय ना ती कॉपी? एकदा बघून तरी घे." मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? सगळ्या आहेत. प्रत्येक वेळी घेते." "तरी पन." "विकी, जेव." माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. पेटी उघडायला दोन मिनिटं लागतात. मी सकाळपासून उघडली नव्हती. गरजच नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. आधी मेल येऊ दे, मग उघडेन. आधीच उघडून बसले तर माझ्याच तोंडावर दिसेल की आहे, आणि तो मेल करणार नाही.

दुपारभर तो त्याच्या काचेच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. फोनवर हात हलवत होता. मध्येच मेल उघडून बसायचा, दोन ओळी टाइप करायचा, खोडायचा. इतक्या लांबून अक्षरं दिसत नव्हती पण बोटं दिसत होती. मी दुसरी कामं करत होते असं दाखवत होते. खरं म्हणजे मी त्याला बघत होते आणि एकेक गोष्ट काढून उन्हाला घालत होते. पहिल्या महिन्यात त्याने मला विचारलं होतं, "तू कुठल्या कोट्यातून गं?" नोकरीत कोटा नसतो हे त्याला माहीत असून. माझ्या वाढदिवसाच्या केकचा तुकडा त्याने 'उपास आहे' म्हणून घेतला नव्हता, आणि तासाभराने खाली वडापावच्या गाडीवर उभा दिसला होता. हे सगळं लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे सांगायला गेले तर मलाच वेड्यात काढतील. त्यांच्या मते हे बारीकसारीक आहे. बारीकसारीकच असतं. आणि जूनमधली ती मीटिंग. त्या मीटिंगपाशी आलं की माझं मन दर वेळी बाजूने निघून जातं. आजही गेलं. मी उठून पाणी प्यायले.

पण त्या पाण्याबरोबरच ती आलीही. जूनमध्ये सगळे जमलेले असताना श्रीपादने माझी मेल पडद्यावर लावली होती आणि तलाठ्याच्या आवाजात वाचून दाखवली होती. "'सात दिवसांत उत्तर न आल्यास काढून टाकण्यात येतील.' काय हो, जप्तीची नोटीस आहे का ही? आम्ही घाबरलो बरं का!" वीस माणसं हसली. विकीसुद्धा हसला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. मीही हसले. माझंही तोंड हसलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मीटिंग संपल्यावर मी जागेवर आले आणि त्याच दुपारी, सात दिवस झालेच होते, यादीतल्या डिस्का काढायला घेतल्या. सदतीस होत्या. आधी प्रत, मग प्रत मोजून बघायची, मग मूळ काढायचं. माझे हात हे आपोआप करतात. त्या दुपारचं मला एवढंच आठवतं. एसी फार गार होता आणि मी ओढणी कानावरून घेतली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी मेल आली. पुण्याचे साहेब, मी, सगळं ऑफिस. 'सदर डिस्क माझ्या ताब्यातील होती. ती वेळेत नव्या मशिनला जोडण्याचे माझ्याकडून राहून गेले. प्रियांका यांनी जूनमध्ये विचारणा केली होती, त्यास मी उत्तर दिले नाही. जबाबदारी माझी आहे.' प्रियांका यांनी. मी ते तीनदा वाचलं. सहा वर्षांत माझ्या मेलला आलेलं हे पहिलं उत्तर होतं. आजूबाजूच्या माना एकदम वर झाल्या, सगळ्यांनी एकाच वेळी वाचली असावी. काचेपलीकडे श्रीपाद खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होता. त्याचा शर्ट काखेत ओला झाला होता. मला मोठ्याने हसावंसं वाटलं. बाबा, मी मनात म्हटलं, बघा, कागद काढला. मग मी पेटी उघडली.

जून. यादी खाली सरकवली. नाव नव्हतं. पुन्हा वरून. नावाने शोधलं. तारखेने शोधलं. मग एकेक मोजलं, बोट पडद्याला लावून, लहान मुलासारखं. छत्तीस. मी दुसऱ्यांदा मोजलं नाही. कारण छत्तीस हा आकडा वाचताक्षणी त्या दुपारची गार हवा पुन्हा अंगावर आली आणि तिच्यातलं उरलेलं सगळं आलं. सदतीसपैकी छत्तिसांची प्रत मी घेतली होती. 'एसपी टेम्प टू' या नावावर थांबले होते. एसपी म्हणजे कोण ते मला ठाऊक होतं. आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, आणि बघितलं नाही. ओढणी कानावरून घेतली आणि मूळ काढून टाकलं. प्रत न घेता. यंत्राने विचारलं होतं, नक्की का? मी नक्की म्हटलं होतं. आणि नंतरच्या दोन महिन्यांत मी ते विसरले होते, म्हणजे पलीकडे तोंड करून बसले होते, आणि आज सकाळपासून त्या विसरण्यावर उभी राहून एका माणसाला नाक घासायला लावत होते.

श्रीपाद दारातूनच म्हणाला, "मिळालं?" मी म्हटलं, "बघतेय, सर." आणि फोन उचलून जिन्यात गेले. जिन्यात रंगाचे रिकामे डबे आणि कुणीतरी सोडून दिलेली कुंडी आहे. कागदोपत्री मी आता स्वच्छ होते. त्याचं उत्तर नव्हतं, त्याने कबूल केलंय. प्रत घ्यायचा नियम नाहीच, ती माझी हौस होती. 'प्रत बिघडली' म्हटलं की विषय संपतो. त्याची नोकरी जाईल, माझी राहील, आणि जगात कुणाला कळणार नाही. हे मी इतक्या भराभर जुळवलं की मला माझ्याच हुशारीची ओळख पटली. ती मला जुनी ओळखीची होती. वीस वर्षांपूर्वी चटईवर बसून मी हेच जुळवलं होतं. तो दाखला मला ठाऊक होता. त्याच्या दोन वर्षं आधी, डिप्लोमा झाल्यावर, मी बाबांना म्हटलं होतं की मला पुढे डिग्री करायची आहे, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, जातीचा कागद लागतो. बाबांनी पेटी उघडून तोच दाखला मला दाखवला. तपकिरी शाई, तो शब्द. मग घडी घालून परत ठेवला. "आता नको, पियू. तू नोकरी धर. सम्याची वेळ येईल तेव्हा हा लागेल." दोन वर्षं मी डेटा एंट्री केली. मग सम्याची वेळ आली. त्या एप्रिलात चटईवर तो माझ्या हातात आला तेव्हा मी तो वाचला. पूर्ण वाचला. मग फाडला.

मी सम्यकला फोन लावला. एरवी मी त्याला कामाच्या वेळी फोन करत नाही. एरवी करतच नाही. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. "बोल. आई बरी आहे," तो म्हणाला. "सम्या, आजोबांचा तो दाखला," मी म्हटलं, आणि पुढे एका दमात, "रद्दीत गेला नव्हता. मी वाचला होता. कळून फाडला." हॉर्न थांबला. बहुतेक तो कुठेतरी आत गेला. "हा," तो म्हणाला, "मग?" मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. "ऐकलं मी. माहितीये मला. बाबांना त्याच दिवशी कळलेलं. चाळीच्या मागे नळापाशी तुकडे सापडलेले त्यांना. चार. जातीचा रकाना होता तो नाय सापडला, दोन दिवस गटारात हात घालून शोधत होते ते." मी पायरीवर बसले. "मग तू बोलला का नाहीस?" "बाबांनी शपथ घातलेली. बोलले, तिला आपण दिलं नाय, तिनं घेतलं. विषय काढायचा नाय." मग म्हणाला, "मी वाट बघत होतो, तू कधी बोलशील. पहिली दोन-चार वर्षं. मग सोडून दिलं." "ते तुकडे?" मी विचारलं. "पेटीत आहेत ना. बाबा फेकतात का काय? पाकिटात घालून ठेवलेत, वर तुझं नाव लिहिलंय." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि माया तर नव्हतीच. "झालं का? मला गाडी भरायची आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी उठून पायऱ्या चढले. वर आले तेव्हा श्रीपाद माझ्या टेबलापाशी उभा होता, या वेळी कपाशिवाय, आणि विकी त्याच्या शेजारी. "असेल गं, नीट बघ," श्रीपाद म्हणाला. बाबा त्या जुलैत पेटी तिसऱ्यांदा उलटी करताना मला हेच म्हणाले होते, सगळं माहीत असून. मला त्या क्षणी श्रीपादचा तेवढाच राग आला जेवढा सकाळी आला होता, एक कणही कमी नाही. त्याने मला माझ्यावरच हसायला लावलं होतं आणि केक नाकारला होता, ते सगळं खरं होतं आणि खरंच राहणार होतं. मी त्याच्यासाठी काही करत नव्हते. मी खुर्चीत बसले आणि त्याच्या मेलवर 'सर्वांना उत्तर' दाबलं. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी लिहिलं, 'डिस्क जूनमध्ये मी काढली. दर वेळी प्रत घेते, या एका डिस्कची घेतली नाही. विसरले नव्हते.' मागे विकी हळूच "ताई" म्हणाला. मी खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट, आणि पाठवून दिलं.